माळ्यावरचा रेडिओ, टेप, प्लेयर खाली काढला, आता पुढे?

पहिले तर तो प्लगात घालू नका. घरात एक तरी काका असतोच जो म्हणते "वाजते का नाई ते पाहू तर दे", त्याला चहा द्या आणि बाजूला बसवा. वीस-तीस वर्षं पडून असलेल्या सेटमधले कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असतात, वायर उंदरानं कुरतडलेली असते, आणि आपल्या खेड्यातली लाईन कशी असते ते सांगायची गरज नाही, संध्याकाळी बल्ब मिणमिणते आणि रात्री वावरातले पंप बंद झाले की व्होल्टेज एकदम उसळते. उघडून पाहिला असता तर वाजला असता असा सेट एका मिनिटात जळतो, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच दुसरा शोधत फिरावं लागते.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. जुना सेट वाजवायसाठी दुरुस्त करायचा, शोकेसमध्ये ठेवायसाठी नाही, आणि दुरुस्त करताना जेवढं खराब आहे तेवढंच बदलायचं. काही लोक आतलं सगळं काढून फेकतात आणि त्या खोक्यात ब्लूटूथची पट्टी बसवतात, मग तो रेडिओ कशाचा, नुसता डब्बा. पण उलटं पण नको की सगळं ओरिजिनल पाहिजे म्हणून फुटलेला कंडेन्सर पण तसाच ठेवायचा.

नवीन असाल तर सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरपासून सुरू करा. त्यात सहा-नऊ व्होल्ट, चुकलं तरी शॉक नाही. मग टेप, मग रेकॉर्ड प्लेयर. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या पेटतात तो, रेडिओ सगळ्यात शेवटी, कारण त्यात अडीचशे व्होल्ट डीसी असतात आणि ते माणूस मारू शकतात, गंमत नाही. माल आपल्याच गावात निघतो. स्वतःचा माळा, मामाचा माळा, आठवडी बाजारातला भंगारवाला, आणि लग्नाचे जुने मंडप-साऊंडवाले. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, वडसा भागात नाटकांना साऊंड देणाऱ्यांकडे तर जुने अँप्लिफायर आणि भोंगे पडलेले असतात. भंगारवाल्याकडून घेताना मागचं झाकण उघडून पाहा, तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणि कॉईल आधीच काढून घेतलेली असते कधी कधी, तसा सेट फुकट पण घेऊ नका. बटणं तुटली, काच नाही, हे चालते.

सामान जास्त लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डर आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आयसोप्रोपिल अल्कोहोल. दरवाजाच्या कडीला मारतात तो गंज काढायचा तेलकट स्प्रे वेगळा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा, व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये तो तेलकट मारला तर काही दिवस बरं वाटते आणि मग त्यावर धूळ चिकटून खरखर परत येते.

आणि एक सिरीज बोर्ड बनवून घ्या. गावातला कोणताही लाईनीचं काम करणारा पोरगा बनवून देईल, एका लाकडी पट्टीवर बल्बचा होल्डर आणि एक सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे सेटला जाणारा करंट बल्बमधूनच गेला पाहिजे. होल्डरमध्ये जुना पिवळा तारेचा बल्ब, ६० किंवा १०० वॅटचा, एलईडी चालत नाही. सेटचा प्लग त्या सॉकेटमध्ये घालायचा. सेट बरा असेल तर बल्ब क्षणभर जोरात पेटतो आणि मंद होतो. बल्ब पूर्ण पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. जे काही जळायचं होतं त्याचा करंट बल्बनं अडवला, तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला. एवढ्याशा बोर्डानं जितके सेट वाचतात तितके महागड्या मीटरनं वाचत नाहीत.

झाकण उघडलं की

मोबाईलनं फोटो काढा, चारी बाजूनं. डायलची दोरी कोणत्या पुलीवरून कशी फिरली, कोणती वायर कुठं, सगळं. आता साफसफाई, आणि आपल्या इकडं आत काय काय निघते बाप्पा. कुंभारमाशीचं मातीचं घर तर ठरलेलं, पालीची अंडी, झुरळं, उंदरानं आणून भरलेली सरकी. माती ओली करून काढू नका, कोरडीच हलक्या हातानं फोडून ब्रशनं काढा. उंदराचं मूत जिथं पडलं तिथं सर्किटच्या पट्टीवरचं तांबं हिरवं होऊन खाल्लेलं असते, तिथं भिंग घेऊन पाहा आणि तुटलेली रेघ बारीक वायरनं जोडा. नाकाला रुमाल बांधा, ही धूळ चांगली नसते.

वायर आणि प्लग नवीनच लावा, जुनीचा मोह नको. फ्यूज जितक्या अँपिअरचा लिहिला तितकाच, सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरची तार गुंडाळून ठेवलेली निघते नेहमी, ती काढा. मागं व्होल्टेजची चकती असेल, ११०, २२०, २४० अशी, तर ती २४० वर ठेवा. अमेरिकेतून कोणी आणलेला सेट असेल तर त्याला ११० चा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्याची मोटर तिथल्या ६० सायकलवर बनलेली असते, आपल्या ५० वर ती हळू फिरते, गाणं रडवेलं येते. तसा प्लेयर घेताना विचार करा.

ट्रान्झिस्टरमध्ये सेलचा डबा आधी पाहायचा. साधे सेल फुटून पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायच्या सोड्याचं घट्ट पाणी ब्रशनं लावा, अल्कलाईन सेल फुटले असतील तर लिंबू. मग अल्कोहोलनं पुसून वाळवा आणि स्प्रिंग बारीक सँडपेपरनं घासा. अर्धे "बिघडलेले" ट्रान्झिस्टर इथंच चालू होतात.

कंडेन्सर कोणते बदलायचे

लहान पिंपासारखे, एका बाजूला मायनसची पट्टी असलेले इलेक्ट्रोलायटिक, हे आत ओले असतात आणि वर्षांनी सुकतात. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, टिनाच्या खाली माळ्यावर किती होत असेल विचार करा, म्हणून आपल्या भागातले जास्तच सुकलेले निघतात. हूं असा सतत आवाज येत असेल तर पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर गेला समजा. आवाज बारीक, दम नाही, तर स्पीकरच्या आधीचा. नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्री लिहिलेला घ्या, ८५ चा नको. एकावेळी एकच काढायचा आणि लगेच लावायचा, प्लस-मायनस उलटं झालं तर फुटतो. इथं एक पाहून घ्या, जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये, ज्यात एसी १२८ वगैरे नंबरचे ट्रान्झिस्टर असतात, बहुतेक वेळा मायनस नाही तर प्लसच अर्थिंगच्या बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे कंडेन्सरची दिशा पाहून सवयीनं "हे उलटं लागलं वाटते" असं समजून बदलू नका, होता तसाच लावा. एएफ ११४ ते एएफ ११७ हे ट्रान्झिस्टर असतील आणि रेडिओ मेलेला असेल तर त्यांच्या डबीच्या आत धातूचे बारीक केस वाढून शॉर्ट होते. चौथा पाय जो डबीला जोडलेला असतो तो कापला की पुष्कळदा सेट बोलायला लागतो. खरं आहे, करून पाहा.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये मेणाचे कागदी कंडेन्सर असतात, ते तर मीटरवर चांगले दिसले तरी बदला. सगळ्यात आधी तो, जो आऊटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रीडला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पायाला, मागच्या व्हॉल्व्हकडून येतो. तो गळका झाला की आऊटपुट व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह पण जातो, ट्रान्सफॉर्मर पण. त्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावायचा. पण हात घालण्याआधी प्लग काढा, आणि प्लग काढल्यावर पण फिल्टर कंडेन्सरमध्ये करंट भरून असते, २.२ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स पक्क्या इन्सुलेटेड क्लिपनं कंडेन्सरला थोडा वेळ लावून तो उतरवायचा, स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून नाही, आणि मीटरनं शून्य पाहूनच पुढं. सेट चालू ठेवून व्होल्टेज मोजायचं असेल तर एक हात खिशात, पायात कोरडी चप्पल, आणि जवळ कोणीतरी पाहिजे.

याच्यापेक्षा धोक्याची एक जात आहे. व्हॉल्व्हची नावं यू पासून सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४ अशी, आणि मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल, तर त्या सेटची लोखंडी चासी (आतला सांगाडा) सरळ लाईनीला जोडलेली असते. बटण निघून नुसता दांडा राहिला आणि त्याला हात लागला तर शॉक. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला लाईनीपासून वेगळं ठेवणारा) उघडा चालवूच नका, त्याला अर्थिंगची वायर किंवा मोबाईल जोडू नका. पहिल्यांदा करून राहिले असाल तर हा सेट बाजूला ठेवा.

आणि आत चौकोनी पत्र्याच्या डब्या दिसतील, वर स्क्रू. त्या आय-एफच्या, म्हणजे हवं तेच स्टेशन गाळून घेणाऱ्या डब्या, ४५५ किलोहर्ट्झवर लावलेल्या असतात. "ढिला दिसते, कसून देऊ" म्हणून तो स्क्रू फिरवला की स्टेशन गेलं. सिग्नल जनरेटर नसेल तर त्या डब्यांकडं पाहायचं पण नाही. डायलची दोरी तुटली असेल तर मासोळ्या धरायचा साधा नायलॉन लावू नका, तो ताणतो आणि काटा घसरतो, गुंफलेला बारीक दोरा घ्या.

टेपचं

टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आणि डेकमध्ये नव्वद टक्के भानगड बेल्टची. मोटर फिरते, कॅसेट फिरत नाही. रबराचा बेल्ट वितळून काळा डांबरासारखा पुलीला चिकटलेला असते, तो अल्कोहोलनं पूर्ण पुसून काढायचा, बोटाला लागला तर दोन दिवस निघत नाही, पेपर आंथरून बसा. नवीन बेल्टची लांबी काढायला जिथून बेल्ट जातो तिथून दोरा फिरवा, दोरा मोजा, आणि त्याच्यापेक्षा पाच ते दहा टक्के लहान घ्या. जास्त घट्ट घेतला तर मोटरचं बुश खाते. बेल्ट लावल्यावर गाणं जलद किंवा हळू वाटलं तर मोटरच्या मागं छोटं छिद्र असते, त्यात बारीक स्क्रू, तिथं स्पीड लागते. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावली पाहिजे, पण घरी ओळखीचं गाणं मोबाईलवर लावून ताळमेळ पाहिला तरी पुरते.

हेड साफ करायला अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या. आपण कापसाच्या मुलखातले, पण घरचा कापूस वापरू नका, तंतू हेडमध्ये अडकतात. हेड, त्याच्या बाजूची पातळ चकचकीत दांडी, सगळं चमकेपर्यंत. तिच्यावर दाबणारं रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्यानंच पुसा, अल्कोहोलनं रबर कडक होते. एवढं करून पण आवाज दबलेला, जणू घोंगडीखालून गाते, तर हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, मंजिरी-टाळ जिथं सगळ्यात खणखणीत ऐकू येतील तिथं थांबा. कॅसेट बदलली की हे थोडं बदलू शकते, कारण ती दुसऱ्या टेपवर भरलेली असते.

कॅसेटबद्दल एक सांगतो. विकतच्या कॅसेट पुन्हा मिळतात, तुकडोजी महाराजांची भजनं तुम्हाला दुसरीकडं मिळून जातील. पण गावच्या भजनी मंडळानं सप्ताहात भरलेली, आजीनं दळताना म्हटलेल्या ओव्यांची, बारशाची, ती एकच असते. ती आधी. वरच्या दोन प्लॅस्टिकच्या चिपा तोडा म्हणजे चुकून तिच्यावर काही भरलं जाणार नाही. आतली फेल्टची गादी निघाली असेल तर दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून बसवा. पट्टीवर पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट टेपमध्ये घालायच्या आधी हातानं पूर्ण गुंडाळून, बाहेरच्या बाजूनं मऊ कोरड्या कपड्यानं पुसत पुसत, पेन्सिलनं हळू. मग एकदाच वाजवा आणि त्याच वेळी लॅपटॉपमध्ये भरून घ्या. नव्वद मिनिटांची असेल तर ठीक, एकशेवीसची पट्टी फार पातळ असते, तिला जोरात रिवाइंड करू नका.

रेकॉर्ड प्लेयर आणि तबकड्या

सुईवर सगळं आहे. जुन्या सूटकेस टाईप प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असते, ते चार-सहा ग्रॅम वजन घेते आणि त्याचा सिग्नल इतका असतो की सरळ अँप्लिफायरला लागते. नंतरच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात पण मधे फोनो प्रीअँप, म्हणजे तिचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, पाहिजेच, नाहीतर आवाज पातळ, बेस गायब. लोक म्हणतात प्लेयर खराब आहे, प्रीअँप नसते एवढंच. स्पीड पाहायला तबकडीवर कागदाची चिटोरी ठेवा आणि मोजा, ३३ वर तीन मिनिटांत १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत.

७८ ची तबकडी आणि एलपी यांचा खाच वेगळा. ७८ चा रुंद, तिला जाड सुई. बऱ्याच सिरॅमिक कार्ट्रिजला सुई उलटवायचा छोटा खटका असतो, त्याच्यासाठीच. एलपीची बारीक सुई ७८ वर लावली तर ती तळाशी घासत जाते, खरखर, आणि सुई पण गेली.

७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख, दगडाची पूड आणि काजळी. गोंदिया-गडचिरोलीकडं पळसाला, कुसुमाला लाख लावतात ना, तीच जात. भारतात कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात या तबकड्या वर्षानुवर्षं निघाल्या, १९७० च्या आसपासपर्यंत. आता लाख स्पिरिटात विरघळते हे आपल्या सुताराला पण माहीत आहे, तो पॉलिश तसंच बनवतो, म्हणून ७८ ला स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर काही म्हणजे काही लावायचं नाही, खाच वितळून जातील. एलपी व्हिनाईलची, तिला थोडं अल्कोहोल चालते, पण मी दोघींनाही एकच करतो, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचाच्या दिशेनं गोल, मधला कागद कोरडा ठेवून. मग साध्या डिस्टिल्डनं धुवून उभी वाळवायची. बोअरचं पाणी नको, आपल्याकडं खारं असते, पांढरे डाग राहतात.

ठेवताना उभ्या, एकावर एक आडव्या नाही. टिनाच्या खोलीत उन्हाळ्यात व्हिनाईल वाकते, आणि कूलरच्या समोरच्या भिंतीला कव्हरवर बुरशी येते, दोन्ही टाळा. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीइतकी चांगली जागा नाही, फक्त वाळवी पाहत राहा.

स्पीकर, अँप्लिफायर

स्पीकर जिवंत आहे का पाहायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, टक झालं तर आहे. कागद फाटला असेल तर फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून टिश्यू पेपरचा तुकडा मागून चिकटवा, वाळला की रंग पण दिसत नाही. बोटानं कोन सरळ दाबून पाहा, खरखर घासला तर कॉईल वाकडी झाली, तिथं आपलं काम नाही.

मंडपवाल्याकडचा जुना अँप्लिफायर घेतला तर मागं ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट असे खटके असतात. घरचा स्पीकर ८ ओहमचा तर ८ लाच. १०० व्होल्टच्या लाईनीला भोंग्यांचे ट्रान्सफॉर्मर लागतात, घरचा स्पीकर तिथं लावला की धूर. या अँप्लिफायरचा आवाज बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यावर एलपी ऐकून निराश होऊ नका.

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागं पिकअपची, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायची, दोन छिद्रं असतात, ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर तिथं मोबाईल पण लागते. डाव्या आणि उजव्या वायरला एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स लावून दोन्ही एकत्र करा, नुसत्या जोडू नका.

ऐकायचं कसं

लाकडी खोकं पॉलिश करायचं असेल तर सुताराकडून चपडा लाख स्पिरिटात भिजवून घ्या, कपड्याच्या बोळ्यानं पातळ पातळ थर. पावसाळ्यात नका करू, पांढरं पडते. ऑइल पेंट तर कधीच नाही राजेहो, त्याच्याखाली कोणतं लाकूड होतं ते परत कळत नाही.

जुन्या डायलवर मीटर लिहिलेले असतील तर ३००००० ला किलोहर्ट्झनं भागा. १९४८ साली सुरू झालेलं आपलं आकाशवाणी नागपूर मिडियम वेव्हला ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे साधारण ५१३ मीटर, डायलच्या मोठ्या आकड्यांच्या टोकाला. व्हॉल्व्हच्या सेटला दहा-पंधरा मीटर वायर छपरावरून कडुलिंबाला बांधा. ट्रान्झिस्टरमध्ये आतच फेराइटचा दांडा असतो, सेट फिरवत राहा, एका बाजूला आवाज भरतो.

खरखर आली तर सगळा दोष सेटला देऊ नका. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, सोलर पंपाचा कंट्रोलर, हे सगळे मिडियम वेव्हवर भणभण करतात. दर सेकंदाला टिक टिक टिक येत असेल तर शेजारच्या वावरातली रानडुकरासाठी लावलेली झटका मशीन आहे, तारेला गवत टेकलं असेल तर जास्तच, त्याला सांगा गवत कापून टाक, त्याची बॅटरी पण वाचते. आणि गावाची डीपी (लाईनीचा ट्रान्सफॉर्मर) गेली, सगळीकडं अंधार, तेव्हा सेलवरचा ट्रान्झिस्टर लावून पाहा, दिवसभर न लागणारं स्टेशन लागते.

मृगाच्या आधी छपरावरची वायर सेटपासून सुटायची सोय करून ठेवा, एक साधा प्लग पुरते. आभाळ गरजायला लागलं की वायर काढून घराबाहेर टाकायची आणि मेन प्लग पण काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. स्टॅबिलायझर परवडत असेल तर घ्या. नाहीच तर निदान व्होल्टेज दाखवणारं छोटं मीटर बोर्डात बसवा आणि २४५ च्या वर काटा असला की व्हॉल्व्हचा सेट लावू नका, रात्री बारानंतर तर नाहीच. महिन्यातून एकदा अर्धा तास तरी वाजवा, कंडेन्सर पडून राहिले की परत बिघडतात. आणि काय काय बदललं, कोणता कंडेन्सर किती व्होल्टचा, कोणत्या साली, ते कागदावर लिहून मागच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी उघडणारा तुम्हीच असाल तरी तुम्हाला आठवणार नाही.